पी.पी. नंबर आणि घरचा राउटर: पोर्ट फॉरवर्डिंग समजून घेताना

माझा मामेभाऊ कराडला लग्नांचं शूटिंग करतो आणि मी पुण्यात बसून त्याचं एडिटिंग करतो. दोन कॅमेऱ्यांनी दिवसभर केलेलं शूटिंग सहज १५० जीबीच्या घरात जातं. व्हॉट्सॲपवर एक फाइल जास्तीत जास्त २ जीबीची जाते आणि गूगलची फुकट जागा १५ जीबीची. त्यामुळे कित्येक वर्षं आमची पद्धत एकच होती. तो हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळून स्वारगेटला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि मी पहाटे जाऊन ती घ्यायचो. एकदा डिस्क पोचली, पण कॉम्प्युटरला लावल्यावर आतून नुसता टकटक आवाज येत राहिला. दुसरी प्रत कराडला होती म्हणून निभावलं. त्या लग्नातल्या नवरीचे आजोबा पुढे महिन्याभरात गेले. थरथरत्या हाताने नातीच्या डोक्यावर अक्षता टाकतानाचं त्यांचं शेवटचं चित्रण त्या डिस्कवर होतं. ती दुसरी प्रत नसती तर त्या घराला काय सांगितलं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

तेव्हा ठरवलं की आता डिस्क गाडीने पाठवायची नाही. दोन्ही घरांत १०० एमबीपीएसचं फायबर आहे. मग त्याच्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरवर फाइल थेट का जाऊ नये? जाऊ शकते. त्यासाठी राउटरमध्ये, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणाऱ्या डब्यात, जे करावं लागतं त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. याच्या सूचना हव्या तेवढ्या मिळतात: या पानावर जा, हा आकडा भरा, सेव्ह करा. त्या पाळूनही चालत नाही तेव्हा माणूस अडकतो, कारण आत काय घडतंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी आधी ते सांगतो. बटणं नंतर.

एका फोनवर अख्खी चाळ

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात चाळीत किंवा वाड्यात गेलं त्यांना पी.पी. नंबर आठवत असेल. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. इमारतीत एखाद्याच घरी फोन असायचा. बाकीची बिऱ्हाडं अर्जावर, लग्नपत्रिकेवर तोच नंबर द्यायची आणि पुढे कंसात पी.पी. लिहायची. फोन खणखणला की त्या घरच्या काकू उचलायच्या, कोण हवंय विचारायच्या आणि गॅलरीत येऊन हाक मारायच्या.

तुमचा राउटर म्हणजे त्या काकू. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच नंबर माहीत असतो, त्याला सार्वजनिक आयपी पत्ता म्हणतात. आतली बिऱ्हाडं म्हणजे तुमचे मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही. त्यांना राउटर स्वतःचे अंतर्गत पत्ते देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हे पत्ते खोली क्रमांकासारखे असतात. तिसरी खोली प्रत्येक चाळीत असते, तसा १९२.१६८.१.५ हा पत्ता लाखो घरांत एकाच वेळी असतो. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते १९९४ मध्ये अशा अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवले गेले. इंटरनेटवर ते चालत नाहीत. मामेभावाने कराडहून माझा १९२.१६८.१.५ हा पत्ता टाकला, तर तो फार तर त्याच्याच घरातल्या एखाद्या मोबाइलपर्यंत पोचेल.

अशी तडजोड का करावी लागली? मूळ आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. माणसं त्याहून जास्त, आणि एकेका माणसाची दोन-तीन उपकरणं. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. टंचाई त्याच्या कितीतरी आधीच दिसत होती, म्हणून मे १९९४ मध्ये एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवण्याची युक्ती मांडली गेली. तिला नॅट म्हणतात. मांडणाऱ्यांनी ती तात्पुरता उपाय म्हणूनच मांडली होती. आज जवळपास प्रत्येक घरातलं इंटरनेट तिच्यावर चालतं.

आता नीट बघा, कारण सगळं मर्म इथे आहे. तुम्ही आतून फोन लावता तेव्हा अडचण येत नाही. लॅपटॉपने एखादी वेबसाइट मागितली की राउटर आपल्या वहीत लिहून ठेवतो: अमुक ठिकाणी केलेली ही विचारणा १९२.१६८.१.५ ची. उत्तर आलं की वही बघतो आणि बरोबर त्याच यंत्राकडे देतो. काही वेळ कुणी बोललं नाही की ती नोंद खोडतो. पण बाहेरून कुणी आपणहून फोन केला तर? वहीत नोंद नाही. हा फोन टीव्हीसाठी आहे, मोबाइलसाठी की कॉम्प्युटरसाठी, हे राउटरला कळायला मार्ग नाही. तो फोन ठेवून देतो. मामेभावाचा कॉम्प्युटर माझ्या दारात येऊन परत जातो तो यामुळे. राउटरने त्याला मुद्दाम अडवलेलं नसतं; कुणाला हाक मारायची हेच त्याला माहीत नसतं.

कुणाला हाक मारायची हे पोर्ट सांगतो. इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक निरोपावर आयपी पत्त्याबरोबर एक आकडा असतो, ० ते ६५५३५ यांपैकी. तो पोर्ट क्रमांक. राउटरला हात लावतो तसा त्याला हात लावता येत नाही. तो नुसता आकडा आहे, 'कोण हवंय' या प्रश्नाचं उत्तर. काही आकडे रूढीने ठरलेत. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, साध्या ८० वर, आणि दूरच्या कॉम्प्युटरशी कुलूपबंद वाटेने जोडणारं एसएसएच २२ वर. या २२ ची गोष्ट मला फार आवडते. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. दूरचा कॉम्प्युटर चालवायचं टेलनेट आणि फाइल पाठवायचं एफटीपी, या जुन्या, पासवर्ड उघडा पाठवणाऱ्या पद्धतींच्या जागी ते यावं असा त्यांचा हेतू. टेलनेटचा आकडा २३, एफटीपीचा २१, मधला २२ रिकामा. त्यांनी तो मागितला आणि मिळाला.

मग पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय? काकूंच्या वहीत आधीच एक कायमची ओळ लिहून ठेवणं: समजा, ४८२२२ मागणारा फोन आला की १९२.१६८.१.५ या खोलीला हाक मारा. बस्स, एवढंच.

माझा वाया गेलेला रविवार

एवढं समजल्यावर मी एका रविवारी कराडला गेलो. विचार असा होता की फाइल तिथे आहेत, तर दारही तिथेच उघडावं आणि मी पुण्याहून त्या ओढून घ्याव्यात. राउटरमध्ये नियम टाकला, फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी कॉम्प्युटरची राखण, बघितली, कॉम्प्युटर बदलून बघितला, राउटर तीनदा बंद-चालू केला. मामींचं जेवण गार झालं. बाहेरून काही केल्या जोडलं जात नव्हतं. संध्याकाळी राउटरच्या स्टेटस पानावरचा एक आकडा नीट वाचला आणि लक्षात आलं की सकाळी सगळ्यात आधी तोच वाचायला हवा होता.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या फायबरला १९२.१६८.२९.१. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरही छापलेला असतो. आत गेल्यावर स्टेटस किंवा वॅन नावाच्या पानावर राउटरला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता दिसेल. तो कागदावर लिहा. मग 'माझा आयपी काय' असं सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडा आणि ती दाखवते तो पत्ता त्याशेजारी लिहा. चार तुकड्यांचाच, लांबलचक अक्षरांचा नव्हे. दोन्ही एकच असतील तर तुमच्या घराला खरा सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील तर पुढची बटणं दाबण्यात अर्थ नाही.

कराडच्या राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये एका खास कामासाठी राखला गेला. पत्ते इतके कमी पडले की इंटरनेट कंपन्यांनीही आपल्या पातळीवर तीच युक्ती सुरू केली: शेकडो ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट. आपल्या चाळीच्या भाषेत, काकूंच्या घरचा फोनही थेट लाइनचा नाही, कुठल्यातरी मोठ्या स्विचबोर्डवरचं एक्स्टेंशन आहे. बाहेरचा फोन आधी त्या बोर्डावर जातो. काकूंच्या वहीत तुम्ही काहीही लिहा, बोर्डावर बसलेल्या माणसाला ती वही दिसत नाही. तुमच्या राउटरवर १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ बहुधा हाच. १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला, तर मात्र कारण बहुतेक घरातच असतं: फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटरचं काम करतोय आणि त्याच्यामागे तुम्ही तुमचा विकतचा राउटर लावलाय. म्हणजे एकाच घरात दोन काकू. तेव्हा एक तर फायबरच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकून घ्यायचं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करायचं, नाहीतर दोन्हीकडे ओळ लिहायची: पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवावं, दुसऱ्याने कॉम्प्युटरकडे.

सीजीनॅट असेल तर सरळ मार्ग स्टॅटिक आयपीचा, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतःच्या सार्वजनिक पत्त्याचा. बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन तो देतात. कराडच्या कंपनीने आमच्या भागात मिळत नाही म्हणून सांगितलं आणि मी हिरमुसून परतलो.

गाडी साताऱ्याजवळ आली तेव्हा साधी गोष्ट सुचली. आम्ही दोघांनी मनात धरलं होतं की ज्याच्याकडे फाइल, त्यानेच दार उघडायचं. पण फाइल कुणाकडून कुणाकडे जाते आणि फोन कुणी कुणाला लावतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणी एकदा झाली की माल दोन्ही दिशांनी जातो. आतून बाहेर फोन लावायला सीजीनॅट आड येत नाही. अडतो फक्त बाहेरून येणारा. पुण्यातल्या माझ्या घराला सार्वजनिक पत्ता होता. मग दार माझ्या घरी उघडायचं आणि कराडहून त्याने माझ्याकडे फाइल ढकलायच्या! दोघांपैकी एकाकडे खरा पत्ता असला की काम होतं. हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर तो रविवार वाचला असता, म्हणून इथे ठळकपणे सांगतोय.

माझ्या घरी काय काय केलं

पहिलं काम कॉम्प्युटरची खोली पक्की करायचं. राउटर अंतर्गत पत्ते उधारीवर देतो, आज १९२.१६८.१.५ मिळालेल्या कॉम्प्युटरला पुढच्या आठवड्यात १९२.१६८.१.९ मिळू शकतो, आणि मग वहीतली ओळ भलत्याच यंत्राला, कदाचित टीव्हीला हाक मारत बसते. 'गेल्या आठवड्यात चालत होतं, आता चालत नाही' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते. त्यात कॉम्प्युटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख, निवडून तिच्यापुढे एक आयपी पत्ता कायमचा लिहून टाकायचा. वायफायवर असाल तर एक खबरदारी घ्या. हल्लीची यंत्रं गोपनीयतेसाठी वायफायवर खोटा, बदलता मॅक पत्ता दाखवू शकतात. घरच्या वायफायपुरती ती सोय बंद ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे सरळ केबल लावा. रात्रभर मोठ्या फाइल चालवायच्या तर केबलच हवी.

दुसरं, फोन उचलणारं कुणीतरी खोलीत हवं. नियम म्हणजे फक्त हाक. उत्तर द्यायला कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम चालू लागतो. मी एसएफटीपी निवडलं. नावात साम्य असलं तरी हे जुनं एफटीपी नव्हे. एफटीपी पासवर्ड उघडा पाठवतं, आणि शिवाय त्याला बोलायला एक व माल न्यायला दुसरी अशा वेगवेगळ्या वाटा लागतात, त्यामुळे नॅटमधून ते धड जात नाही. एसएफटीपी एसएसएचच्या आतून जातं: सगळं कुलूपबंद, एकाच पोर्टवर. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये ओपनएसएसएच सर्व्हर, म्हणजे एसएसएचचे फोन उचलणारा प्रोग्राम, ऐच्छिक घटक म्हणून मिळतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरत असाल तर तिथे तो घरचाच.

या कामासाठी कॉम्प्युटरवर एक वेगळं साधं खातं काढा, ॲडमिनचे अधिकार नसलेलं, आणि त्याला एक फोल्डर सोडून काही दिसणार नाही असं बांधून ठेवा. पासवर्डने आत यायची सोय बंद करा. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी वापरा: खाजगी किल्ली कराडच्या कॉम्प्युटरवर राहते, तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली माझ्याकडे. खाजगी किल्ली कधीच इंटरनेटवरून जात नाही, त्यामुळे वाटेत कुणाला ती उचलता येत नाही. पहिल्यांदा जोडताना प्रोग्राम समोरच्या कॉम्प्युटरचा ठसा म्हणून एक लांबलचक अक्षरमाला दाखवतो. बहुतेक जण न वाचताच होय म्हणतात. आम्ही ती फोनवर एकेक अक्षर वाचून ताडून घेतली. दोन मिनिटं लागतात आणि समोर खरोखर आपलाच कॉम्प्युटर आहे हे पक्कं होतं.

राउटरला हात लावण्याआधी घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडून बघा. घरात चालत नसेल तर बाहेरून चालायचा प्रश्नच नाही. विंडोजने घरचं नेटवर्क पब्लिक म्हणून धरलं असेल तर त्याची फायरवॉल दार लावून घेते. ते प्रायव्हेट करून बघा.

मग राउटरमधला नियम. ज्याला सगळे घाबरतात तो भाग खरं तर सगळ्यात छोटा. कुठे पोर्ट फॉरवर्डिंग, कुठे व्हर्च्युअल सर्व्हर, कुठे नॅट अशा नावाखाली तो सापडतो. चार रकाने भरायचे: बाहेरचा पोर्ट ४८२२२, आतला पत्ता १९२.१६८.१.५, आतला पोर्ट २२, प्रोटोकॉल, म्हणजे निरोप नेण्याची पद्धत, टीसीपी. सेव्ह. शेजारीच डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल आणि वैतागलेल्या माणसाला तो मोहात पाडतो, कारण तो लावला की सगळं चालू लागतं. चालू लागतं कारण तो बाहेरून येणारे सगळेच्या सगळे फोन एका खोलीत सोडतो. तो लावू नका.

तपासताना वायफाय बंद करा आणि मोबाइलच्या डेटावरून जोडा. घरात बसून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर फोन लावला की बरेच राउटर गोंधळतात आणि बाहेरून उत्तम चालणारा नियमही घरातून बंद वाटतो. पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या वेबसाइट वापरणार असाल तर त्या वेळी प्रोग्राम चालू ठेवा. आत उत्तर देणारं कुणी नसेल तर त्या पोर्ट बंदच आहे म्हणणार. आणि कॉम्प्युटर झोपत नाही ना, तेही बघा. आमचं पहिलं पाठवणं रात्री एक वाजता थांबलं ते माझा कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेल्यामुळे.

राहिला पत्ता बदलण्याचा प्रश्न. लाइट गेली, राउटर बंद पडून परत सुरू झाला की सार्वजनिक पत्ता बदलू शकतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस असतं: डकडीएनएस, नो-आयपी यांसारख्या सेवा तुमच्या घराला एक नाव देतात आणि राउटर किंवा कॉम्प्युटर त्यांना आपला नवा पत्ता कळवत राहतो. कराडला आकड्याऐवजी ते नाव टाकलं की झालं.

वेगाचा हिशेबही मनात ठेवा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. त्या दराने १५० जीबी जायला ३ तास २० मिनिटं लागतात. प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. आणि मोजायचा तो पाठवणाऱ्याचा अपलोडचा वेग. काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतो. पाठवायला विनएससीपी किंवा फाइलझिला हे प्रोग्राम वापरले तर मध्येच तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे चालू होते.

आपल्या घरी कोण येतंय?

मामेभावाने हाच प्रश्न विचारला होता. एवढ्या मोठ्या जगात आपलं घर कुणाला सापडणार? त्याला मी झेडमॅपबद्दल सांगितलं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हा प्रोग्राम आणला. एक चांगला कॉम्प्युटर आणि गिगाबिट जोडणी असली की तो जगातल्या सगळ्या ३२ बिटी सार्वजनिक पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येतो. कुणाला तुमचं घर शोधावं लागत नाही; सगळ्याच घरांच्या कड्या वाजवल्या जातात, आणि तुमचं घर त्यांतलं एक असतं. मी सुरुवातीला बाहेरचा पोर्टही २२ च ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदींमध्ये रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी आत शिरायचे शेकडो प्रयत्न दिसले. आकडा ४८२२२ केल्यावर गलका खूप कमी झाला. पण आकडा लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप म्हणजे किल्ल्यांची जोडी आणि वेळेवर केलेले अपडेट.

एक पोर्ट कुठल्याही परिस्थितीत इंटरनेटला उघडू नका: ४४५. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून जे शेअरिंग करतो ते या पोर्टवर चालतं, आणि फाइल शेअरिंग म्हटल्यावर पहिल्यांदा तोच सुचतो. ते घराच्या आतल्या वापरासाठी आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला तो याच शेअरिंगमधल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांचा ४४५ उघडा होता, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो कुणी कशावर क्लिक न करताही शिरला. दुसरीकडे बसून कॉम्प्युटरचा पडदा चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हाही थेट उघडायचा पोर्ट नव्हे.

नेटवर्कवर लावायच्या साठवण डब्यांचीही, ज्यांना नॅस म्हणतात, तीच कथा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे गाठून लोकांच्या फाइल कुलूपबंद केल्या. तेव्हा राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा, असं कंपनीनेच ग्राहकांना सांगितलं. घरोघरचे फोटो अशा डब्यांत असतात. त्यांचं सेटिंगचं पान कधीही बाहेर उघडू नये.

शिवाय राउटरमधलं यूपीएनपी बघा. ही सोय चालू असली की घरातला कुठलाही प्रोग्राम राउटरला परस्पर सांगू शकतो की माझ्यासाठी दार उघड. टॉरेंटचे, म्हणजे लोकांनी एकमेकांना थेट फाइल वाटायचे, प्रोग्राम आणि गेम खेळायची यंत्रं याच्यावर अवलंबून असतात आणि म्हणून बरेच राउटर ती चालू ठेवूनच येतात. पण तीच विनंती घरात शिरलेला व्हायरसही करू शकतो, आणि काकू त्याचंही ऐकतात. मी ती बंद केली आणि जो पोर्ट हवा तो हाताने उघडला. टॉरेंटवर लिनक्सच्या प्रतींसारख्या मुक्त फाइल वाटणाऱ्यांनाही हेच करता येतं: प्रोग्राममध्ये एकच पोर्ट पक्का करायचा आणि तेवढाच टीसीपी व यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी पुढे पाठवायचा. नाही पाठवला तरी फाइल उतरते, कारण तुम्ही बाहेर फोन लावू शकता. फक्त तुमच्यासारखेच दार बंद असलेले लोक तुमच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून खालच्या चिठ्ठीवर छापलेलाच असेल तर तो आजच बदला.

दोघांकडेही सीजीनॅट असेल तर

तेव्हा तिसऱ्याची मदत लागते, पण फाइल त्याच्या हवाली करावी लागेलच असं नाही. सिंकथिंग हा मुक्त प्रोग्राम २०१३ पासून आहे आणि माझ्या मते घरगुती कामाला उत्तम आहे. दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेर एका ओळख करून देणाऱ्या सर्व्हरला फोन लावतात, त्याच्याकडून एकमेकांचा ठावठिकाणा घेतात आणि मग एकाच वेळी एकमेकांकडे फोन लावतात. दोन्ही राउटरांच्या वहीत 'आतून विचारणा गेली' अशी नोंद झालेली असल्याने समोरून आलेला निरोप उत्तर म्हणून आत घेतला जातो. नेहमीच जमतं असं नाही. नाही जमलं तर माल मधल्या सर्व्हरवरून जातो, तोही कुलूपबंदच, पण वेग पडतो. टेलस्केल ही सेवाही याच तत्त्वावर, वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या पद्धतीच्या पायावर उभी आहे.

आणखी एक वाट म्हणजे आयपीव्ही६. त्यातले पत्ते १२८ बिटांचे, त्यामुळे टंचाईच नाही. प्रत्येक खोलीला स्वतःचा फोन. भारत त्याच्या वापरात जगात आघाडीवर आहे आणि तुमच्या मोबाइलवर तो बहुधा चालूही असेल. तिथे फॉरवर्डिंग लागत नाही, पण राउटरची फायरवॉल बाहेरचे फोन तरीही अडवते आणि तिच्यात नेमकं एक भोक पाडावं लागतं. कंपनीने दिलेल्या कित्येक राउटरांत ती सोय उघडलेली नसते, आणि दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं. जमलं तर हा सगळ्यात सरळ रस्ता.

आमची पद्धत आता बसली आहे. लग्न आटोपून मामेभाऊ घरी पोचला की मला एक मेसेज करतो. मी राउटरमधला नियम चालू करतो, नावापुढच्या एका बटणाने तो चालू-बंद होतो. मामेभाऊ कॅमेऱ्यांची कार्डं कॉम्प्युटरला लावून पाठवणं सुरू करतो आणि झोपतो. सकाळी मी फाइलींची संख्या आणि आकार त्याच्याशी ताडून बघतो, दोनचार फाइल मधूनमधून चालवून बघतो आणि नियम बंद करतो. त्यानंतरच तो कार्डं पुसतो.